रेल्वेचा शेअर आमच्याकडे राहत होता तेव्हा

कॅनडात शेअर विकत घेतला की तो पुढच्या कामकाजाच्या दिवशी सकाळी दहाच्या आत स्वतः घरी राहायला येतो. येताना त्याच्याजवळ एक बॅग आणि ओळखपत्र असतं. मालकाने दारात सही करायची, त्याला खोली दाखवायची आणि स्वच्छ टॉवेल द्यायचा. टॉवेल द्यायलाच लागतो. माहितीपत्रकाच्या चौथ्या पानावर तसं लिहिलेलं आहे.

हे नियम सगळ्यांना माहीत आहेत. तरी लिहितो, कारण पुढे जे झालं त्यात दोष नियमांचा नव्हता, आणि हे कबूल करणं मला जड जातं. नाशिकला अठरा वर्षं आणि इथे विनिपेगला एका साप्ताहिकात सोळा वर्षं मी बातमीदारी केली. पाणीपुरवठा, बसची भाडेवाढ, शाळेच्या छताचं कंत्राट. जिथे चूक दिसली तिथे ती कोणाची हे मी नावानिशी छापलं. या वेळी ती माझी आहे.

निवृत्त झाल्यावर हातात थोडी पुंजी होती आणि बँक तिच्यावर जे व्याज देत होती ते लिहायला लाज वाटावी इतकं होतं. माझी बायको कुंदा हिने वृद्धाश्रमात चौदा वर्षं परिचारिकांच्या हाताखाली काम केलं. तिचीही शिल्लक त्यात होती. मुलगी व्हँकुव्हरला. घरात आम्ही दोघं आणि एक रिकामं तळघर. अशा घरांना शेअर ठेवायला हरकत नसते.

सुरुवात फंडाने झाली. मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात शैलेंद्र बोरवणकर आमच्या टेबलाशी आला. हा मंडळाचा खजिनदार आणि पोटापाण्यासाठी गुंतवणूक सल्लागार. चकली खात खात त्याने विषय काढला.

"काकू, शेअर निवडायचं टेन्शन तुम्ही घेऊच नका. फंड घ्या. सत्तावन्न जण येतात. एक आजारी पडला तरी छप्पन्न आहेत ना!"

"सत्तावन्न?" कुंदा म्हणाली. "झोपणार कुठे?"

"लहान असतात हो. हातभर. फंडातली माणसं ज्याच्या त्याच्या वाट्याइतकीच मोठी येतात. सोफ्याच्या पाठीवर बसतात, तुम्हाला कळतही नाही."

मंगळवारी सकाळी ते आले. बोरवणकर खोटं बोलला नव्हता. ते हातभरच होते, शांत होते, आणि सोफ्याच्या पाठीवर ओळीने बसले. पण त्यांच्या मागून एक पूर्ण उंचीचा माणूस आत आला. ग्रेग त्याचं नाव. तो फंडाचा व्यवस्थापक होता आणि त्याने दारातच गळ्याशी रुमाल खोचला होता.

ग्रेग जेवायचा. सत्तावन्न जणांसाठी जे वाढलं जाईल त्यातलं आधी तो उचलायचा. वर्षाला दोन पूर्णांक चार दशांश टक्के. मंडळी धडधाकट असोत की तापाने फणफणलेली असोत, त्याचा घास ठरलेला. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी बोरवणकर रिकामा डबा घेऊन मागच्या दाराने यायचा आणि ग्रेग त्याला आपल्या ताटातलं अर्धं काढून द्यायचा.

अशा तिसऱ्या खेपेला मी मागच्या दारात उभा राहिलो.

"शैलेंद्र, हा माणूस करतो काय?"

"व्यवस्थापन, काका."

"म्हणजे?"

"निवडतो. कोणाला ठेवायचं, कोणाला घालवायचं."

"या सत्तावन्नांत सहा बँका आहेत. या देशात मोठ्या बँका आहेतच सहा! त्या निवडायला गळ्याला रुमाल कशाला बांधायला लागतो?"

"काका, तुम्हाला वरणात पण बातमी दिसते."

"आणि त्या डब्यात काय आहे?"

"हा डबा मला कंपनी देते. तुमच्याकडून मी एक सेंट घेतलेला नाही."

"डब्यात आमच्याच घरची मटकीची उसळ आहे!"

"बघा, म्हणजे कंपनीला तुमची उसळ आवडते," तो म्हणाला आणि झाकण लावलं.

मी फंड परत पाठवला. जाताना ते सत्तावन्न जण एकेक करून कुंदाला नमस्कार करून गेले. ग्रेगने नमस्कार केला नाही. तो जेवत होता. मी मंडळाच्या अंकात दीड पानी लेख लिहिला, 'रुमालवाल्यांचं राज्य'. त्याचं कौतुक झालं, एडमंटनहून फोन आले. आज वाटतं, तो लेख छापून आला नसता तर बरं झालं असतं. फंड निवडताना आपण फसलो हे पटलेल्या माणसाला लगेच असंही वाटतं की शेअर निवडताना आपण फसणार नाही.

तेव्हा दुसराही एक मार्ग होता. व्यवस्थापकाशिवाय येणारे फंड असतात. त्यात बाजारातले झाडून सगळे येतात, अंगठ्याएवढे, आणि त्यांच्या मागे खाणारा कोणी नसतो. शेअर जिथे विकत मिळतात त्या कचेरीतल्या बाईंनी मला त्याचा कागद दिला होता. मी तो वाचला आणि बाजूला ठेवला. त्यात शोधून काढण्यासारखं काही नव्हतं. माझ्यासारख्याला अशी गोष्ट संशयास्पदच वाटते.

मी रेल्वे निवडली. आमच्या घरामागून दोनशे पावलांवर मालगाड्यांचे रूळ जातात. अकरा दिवस मी फाटकाशी उभा राहून डबे मोजले. गहू किती, खताचं पोटॅश किती, लाकूड किती, रिकामे किती. सिग्नलवरच्या माणसाशी बोललो.

"शेजारची बाई विचारत होती," कुंदा म्हणाली, "तुमचे मिस्टर रुळाशी का उभे असतात म्हणून. तिने फोन करू का विचारलं."

"कोणाला?"

"ते तिने सांगितलं नाही. पण काळजीत होती."

सप्टेंबरच्या एका गुरुवारी, दहाला पाच मिनिटं कमी असताना, रेल्वेचा शेअर आला. उंची पाच फूट दहा इंच. रुंद खांदे, जाड तळव्यांचे बूट, पन्नाशीच्या पुढचा चेहरा. उंची महत्त्वाची, कारण शेअरची उंची म्हणजेच त्याचा भाव. तळघराच्या दाराच्या चौकटीवर मी पेन्सिलीने पहिली खूण केली. तो निमूट पाठ टेकून उभा राहिला. त्याला सवय होती.

आम्ही त्याला करमुक्त खोली दिली. सरकार प्रत्येक घराला, कोणातरी एकाच्या नावावर, अशी एक खोली वापरू देतं. भिंती आपल्याच, दारही आपलंच. सरकारचा माणूस फक्त मोजमाप घेऊन दारावर पत्र्याची पाटी ठोकून जातो. त्या खोलीत राहणारा शेअर कितीही वाढला तरी कर लागत नाही. हॉलमध्ये राहणारा वाढला तर निघताना त्याची वाढलेली उंची मोजतात आणि तिच्या निम्म्या भागावर कर घेतात.

तो अठरा महिने आमच्याकडे होता.

घरात मराठी बोलतात हे बघून तोही मराठी बोलायला लागला. कुंदाला वहिनी म्हणायचा, ती त्याला भाऊ. तिन्हीसांजेला दोघं स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसायची. मागून गाडी गेली की तो न बघता सांगायचा.

"एकशे अठरा डबे. पुढचे चाळीस गहू. मग पोटॅश. शेवटी लाकूड."

"गहू कुठे निघाला, भाऊ?"

"समुद्राकडे. तिथून जहाजाने. कोण जाणे, तुमच्या नाशिकला पण पोचत असेल."

"आमच्याकडे गहू आहे हो. तिकडे मुंबईला पाठवा."

असलं काहीतरी. मी आत लॅपटॉपवर बातम्या वाचत असायचो आणि ती हसताना ऐकू यायची. माझ्याशी बोलायचं म्हणजे वाद घालायचा. चाळीस वर्षांत तिला त्याची सवय झाली होती, आवड कधी झाली नाही. तो वाद घालत नसे. दर तिमाहीला तो लाभांश आणायचा. लाभांश मालकाला हवा त्या रूपात मागता येतो. मी रोख मागणार होतो, पण अर्जावर कुंदाने आधीच लिहून टाकलं होतं. फेब्रुवारीत, बाहेर उणे तीस असताना, त्याने कोटाच्या आतून ताज्या कढीपत्त्याच्या चार जुड्या काढून ओट्यावर ठेवल्या. ती कितीतरी वेळ त्यांचा नुसता वास घेत उभी होती.

चौकटीवरच्या खुणा हळूहळू वर जात होत्या. मी मंडळात सांगत फिरत होतो की निवड कशी करावी.

मग दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात तो पडला. म्हणजे एकदम नाही. आधी संपाच्या इशाऱ्याची बातमी आली. त्या सकाळी तो दीड इंच कमी भरला. मग धान्याचं पीक कमी असल्याची बातमी, मग जकातीच्या भांडणाची. तो कृश होत गेला, बूट पायातून निसटायला लागले, कोटाच्या बाह्या लोंबायला लागल्या. पाच फूट दोन. चार फूट अकरा. मार्चच्या सुरुवातीला तो अंथरुणावरून उठेनासा झाला.

मी दर पंधरा मिनिटांनी खाली जाऊन त्याला मोजत होतो. साडेआठपासून तीनपर्यंत, बाजार उघडा असेपर्यंत.

"अहो, पुरे करा," कुंदा म्हणाली. "माणसाला मोजल्याने तो बरा होत नाही. चौदा वर्षं मी आजारी माणसं बघितली आहेत. याला काही झालेलं नाही. याला गारठा बाधलाय."

"बातम्या वाचतेस का तू?"

"गाड्या मोजते. काल एकशे वीस डबे गेले. परवा एकशे सोळा. हा खाली झोपलाय, आणि गाड्या चालूच आहेत."

मी तिला म्हटलं की असा भाबडेपणा केला की माणूस बुडतो. पेपरात रोज मथळा होता, आणि मथळ्यावर मी विश्वास ठेवला. वास्तविक मथळा कसा तयार होतो हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? एकशे वीस डबे वेळेवर गेले ही बातमी मीही कधी छापली नसती. चौतीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की काय छापलंय ते बघा. काय छापलेलं नाही ते बघायला कोणी शिकवलं नाही, आणि मी शिकलोही नाही.

शेअर विकायचा असेल तर त्याला समोर बसवून सांगावं लागतं. कुंदाला मी तसं म्हणालो तेव्हा ती पोळ्या लाटत होती.

"तुम्ही सांगा. मी सांगणार नाही."

"नावं दोघांची आहेत."

"खोली तुमच्या नावावर आहे. पाटीवर बघा."

अकरा मार्चला मी खाली गेलो. नियमाप्रमाणे बूट काढले, खुर्ची त्याच्या पलंगाशी ओढली, विक्रीचा अर्ज मांडीवर ठेवला आणि ठरलेलं वाक्य म्हटलं, "मी तुम्हाला आजच्या भावाने सोडत आहे." तो त्या दिवशी बरोबर चार फूट भरला होता. पलंगावर तो एखाद्या शाळकरी मुलासारखा दिसत होता, फक्त चेहरा मोठ्या माणसाचा.

तो उठून बसला. "कारण लिहा, टिपणीस. तो रकाना कोरा ठेवला तर खिडकीवर घेत नाहीत."

मी पेन काढलं. मला घाबरलो असं लिहायचं नव्हतं. मी लिहिलं, 'अधिक चांगली संधी'. त्याने कागद हातात घेतला, वाचला, आणि खाली सही केली.

"अशी कुठे आहे?" त्याने विचारलं. खोचक नव्हतं ते. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"बघतोय," मी म्हणालो.

"बरं. मिळाली तर सांगा. मला नाही सांगता येणार म्हणा."

कुंदाने त्याच्या बॅगेत पोळ्या, लोणचं आणि माझा जुना स्वेटर भरला. स्वेटर त्याला गुडघ्यांपर्यंत आला. मी त्याला गाडीत बसवून पोर्टेज ॲव्हेन्यूवरच्या कचेरीत नेलं आणि खिडकीवर पावती घेतली. पावतीवर स्वेटरची नोंद नव्हती, म्हणून त्यांनी तो काढून मला परत दिला.

सोळा दिवसांनी संप टळला.

ते मला बातमीतून कळलं. कुंदाला आधीच कळलं होतं. तिने सकाळी एकशे बेचाळीस डबे मोजले होते. तिने मला दोष दिला नाही. ती फक्त रोज संध्याकाळी पाच वाजता दिवा लावल्यावर खिडकीशी बसायची आणि गाडी गेली की आकडा म्हणायची. मी एकदा बाहेर येऊन विचारलं, "पोटॅश होतं का?"

"मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी कचेरीत गेलो. खिडकीवर त्याच बाई होत्या, मिसेस फ्रीसन. त्यांनी माझं नाव टाइप केलं आणि चष्मा वर केला.

"तुम्हाला तोच परत हवाय?"

"तोच. करमुक्त खोलीत."

"खोली बंद आहे."

"बंद कशी? घर माझं आहे. मी सकाळीच तिथे झाडून आलो."

"झाडायला हरकत नाही. पण ज्या वर्षी बाहेर काढलं त्या वर्षी ती जागा परत वापरता येत नाही. ती एक जानेवारीला उघडते."

"आणि मी ठेवलाच तर?"

"दर महिन्याला एक टक्का दंड. आमचा माणूस येऊन शेअरमधूनच घेऊन जातो." त्यांनी एक पत्रक पुढे सरकवलं. "पहिल्या महिन्यात नखं आणि केसांवर भागतं."

"दुसऱ्या?"

"दुसऱ्या महिन्यापर्यंत लोक सहसा ठेवत नाहीत."

मी आवाज चढवला. हा नियम कोणी केला, कोणत्या साली, कोणाच्या सहीने, असे सगळे प्रश्न विचारले. बाईंनी प्रत्येकाचं उत्तर दिलं. साल सांगितलं, कलम सांगितलं, आणि हा नियम मी सही केलेल्या कागदावर कुठे होता तेही दाखवलं. बातमीदाराला याहून वाईट दिवस येत नाही.

"हॉल मोकळा आहे का?" त्यांनी विचारलं. "हॉलमध्ये तो उद्याच येऊ शकतो. आज चार फूट पाच आहे. तुमच्या पैशात जवळजवळ पूर्ण बसेल."

"आणि तो वाढला की तुम्ही कर घेणार."

"विकला तरच. आणि वाढीच्या निम्म्यावर."

मी घरी आलो आणि कुंदाला सांगितलं.

"मग हॉलमध्ये राहील," ती म्हणाली. "सोफा आहे. मी चादर काढते."

"मी त्या वाढीवर कर भरणार नाही. ती वाढ त्या खोलीतच झाली असती. मला एक रुपया लागला नसता."

"रुपया कुठे आलाय इथे. उद्या येतोय ना तो?"

"प्रश्न पैशाचा नाहीये, कुंदा. तत्त्वाचा आहे."

ती चादर हातात घेऊन उभी राहिली. मग तिने ती परत घडी केली.

तत्त्वाचा प्रश्न. हे शब्द मी आयुष्यात किती वेळा वापरले असतील आणि त्यातल्या किती वेळा बरोबर होतो, याची मोजदाद करायचं धैर्य आता नाही. शिवाय मनात एक हिशेब होता, तो मी तिला सांगितला नाही. हा पुन्हा पडेल, असं मला वाटत होतं. जानेवारीपर्यंत खाली येईल आणि मी त्याला चार फुटांवरच घरी आणीन. पडायला हवा होता तो. एप्रिल ते डिसेंबर मी रोज सकाळी उठून आशा करत होतो की ज्याच्यासाठी माझी बायको खिडकीशी बसते, तो पुन्हा आजारी पडावा. हे मी कोणालाच बोललो नाही. इथे पहिल्यांदा लिहितोय.

तो पडला नाही.

नवीन वर्षाचा पहिला कामकाजाचा दिवस उजाडला. कुंदा बरोबर आली. तिने हिरवी साडी, वर जाड कोट आणि पायात बर्फाचे बूट घातले होते.

"साडेसहा फूट," मिसेस फ्रीसन म्हणाल्या. "तुमच्याकडे चार फुटांचे पैसे आहेत."

"मग चार फूट द्या," मी म्हणालो.

"एकटा शेअर कापता येत नाही. दिवस कापतात." त्यांनी यंत्रावर आकडेमोड केली. "आठवड्यातले चार दिवस, सात तास, तेवीस मिनिटं. सोमवारी सकाळी नऊला येईल. शुक्रवारी दुपारी चार तेवीसला निघेल. उरलेले दिवस तो ज्यांचा आहे त्यांच्याकडे जाईल."

"कोणाकडे?"

"ते सांगता येत नाही."

कुंदा खिडकीजवळ सरकली आणि तिच्या इंग्रजीत, सावकाश, म्हणाली, "मॅडम, हा तोच आहे ना? आमच्याकडे होता तो?"

"शेअर सगळे एकच असतात, मिसेस टिपणीस. कोणताही आला तरी तोच."

"पण त्याला आठवेल ना?"

मिसेस फ्रीसननी चष्मा काढला. "नाही. आठवायला लागलं तर बाजार चालणार नाही."

कुंदाने मान हलवली. तिने पेन घेतलं आणि माझ्या सहीशेजारी तिची सही केली, जिथे तिच्या सहीची गरज नव्हती.

सोमवारी तो आला. दारातून आत येताना त्याला वाकावं लागलं. तेच खांदे, तोच चेहरा, जाड तळव्यांचे बूट. तब्येत उत्तम. त्याने कुंदाकडे बघून "गुड मॉर्निंग, मॅडम" म्हटलं आणि टॉवेलसाठी हात पुढे केला. ती टॉवेल देताना त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने त्याला तळघराचा जिना दाखवला, खोलीतल्या दिव्याचं बटण कुठे आहे ते सांगितलं, हीटरची कळ कशी फिरवायची ते सांगितलं. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं.

बुधवारपर्यंत तो थोडं मराठी बोलायला लागतो. गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या गप्पा जरा रंगात येतात. ती त्याला तिचं गाव सांगते, वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांचे किस्से सांगते; तेच, जे तिने आधीच्याला सांगितले होते. तो नव्याने हसतो. कधी कधी ती मध्येच थांबते, जणू पुढचं वाक्य त्याने म्हणायचं आहे, आणि मग तेही तीच म्हणते. शुक्रवारी तो जातो. सोमवारी पुन्हा "गुड मॉर्निंग, मॅडम".

मी आता चौकटीवर खुणा करत नाही. बातम्याही एकदाच वाचतो, दुपारी. उशीर झाला आहे, पण करतो.

गेल्या शुक्रवारी वादळ होतं. दुपारी तीनलाच अंधारून आलं, रस्त्यापलीकडचं घर दिसेना. रेडिओवर सांगत होते, बाहेर पडू नका. चार वाजून वीस मिनिटांनी तो बॅग घेऊन वर आला.

"आज थांबा," मी म्हणालो. "सोमवारपर्यंत थांबा. कोण बघायला येतंय?"

"थांबता आलं असतं तर थांबलो असतो, सर," तो म्हणाला. "पण चार तेवीसनंतर मी तुमचा नाही."

"असा नियम आहे हे मला माहीत आहे. मी माणुसकीने विचारतोय."

"मीही माणुसकीनेच सांगतोय. पलीकडे पण कोणीतरी वाट बघत असेल." त्याने बुटांच्या नाड्या बांधल्या, वाकून दारातून बाहेर पडला आणि रस्ता ओलांडून बसच्या थांब्यावर जाऊन उभा राहिला. थांब्याचं छत त्याच्या डोक्याला लागत होतं, म्हणून तो छताबाहेर उभा होता.

चार एकतीसची बस आली नाही. पावणेपाच झाले. त्याच्या खांद्यांवर बर्फ साचायला लागला.

कुंदाने आलं घालून चहा केला, थर्मासमध्ये भरला आणि कोट चढवला.

"आता तो आपला नाहीये," मी म्हणालो. "त्यांना कळलं तर..."

"रस्ता सरकारचा आहे," ती म्हणाली. "रस्त्यावर मी कोणालाही चहा देईन. तुम्ही कप घ्या."

मी कप घेतले. आम्ही वाऱ्यात वाकून रस्ता ओलांडला. त्याने आम्हाला बघून आश्चर्य दाखवलं नाही. कप दोन्ही हातांत धरला आणि वाफ तोंडावर घेतली. आम्ही तिघं थांब्याशी उभे राहिलो. कुंदा त्याच्या एका बाजूला, मी दुसऱ्या. तो वारा अडवत होता, त्यामुळे आम्हाला फारसं लागत नव्हतं.

मला त्याला काहीतरी सांगायचं होतं. गेले दहा महिने सांगायचं होतं, आणि तो तोच होता, पण ज्याला सांगायचं तो नव्हता. शेवटी मी विचारलं, "बस किती वाजता येईल?"

"येईल," तो म्हणाला. "उशिरा का होईना, येते."

पाच वाजून दहा मिनिटांनी दिवे दिसले. त्याने कप कुंदाला परत दिला, मॅडम म्हणून मान लववली आणि डोकं वाकवून बसमध्ये चढला. बस वळणापर्यंत दिसली. मग आम्ही घरी आलो, आणि कुंदाने तिन्ही कप विसळून पालथे घातले.